रंग गेला, पण मीठ कुठे गेलं?

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. निळ्या पाण्यात केळीच्या वाळल्या खोडाची भुकटी टाकली, ढवळली, गाळली, पाणी नितळ. खाली मजकूर: 'कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं कुठलंही पाणी शुद्ध होतं. खर्च शून्य. खुशाल पिकाला द्या.' मी रसायनशास्त्र शिकवतो, घरची केळीही आहे. म्हणून राहवत नाही.

व्हिडिओ खोटा नाही. 'कुठलंही पाणी' हे खोटं. त्यातल्या बाटलीवर मिथिलीन ब्लू लिहिलंय. या रंगाच्या रेणूवर धन भार असतो, खोडाच्या भुकटीवर ऋण. दोघं झटकन चिकटतात. सुती कापडाला मात्र बहुतेक रिॲक्टिव्ह रंग वापरतात आणि त्यांच्यावरही ऋण भारच असतो. मुलांसमोर दोन बरण्या ठेवल्या. एकीत मिथिलीन ब्लू, दुसरीत लाल रिॲक्टिव्ह रंग, मीठ आणि धुण्याचा सोडा, म्हणजे रंगाईच्या हौदात असतं तसं. दोन्हींत दोन-दोन चमचे भुकटी. तासाभरात निळी बरणी जवळजवळ पारदर्शक झाली. लाल होती तशीच, उलट सोड्यानं भुकटीचाच तपकिरी अर्क उतरून पाणी आणखी गढूळ झालं. आम्ल घालून सामू (pH) 2-3 पर्यंत उतरवला तर असे रंगही बऱ्यापैकी धरले जातात, पण मग आम्लाचा खर्च आला आणि पाणी सोडण्याआधी ते परत उदासीन करणं आलं.

'खर्च शून्य'चंही तसंच. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. एक ग्रॅम भुकटीनं 100 मिलिग्रॅम रंग धरला असं मानू, हे चांगलंच झालं. लिटरमागे 100 मिलिग्रॅम रंग असलेल्या एक लाख लिटर पाण्याला रोज किमान 100 किलो भुकटी लागेल, म्हणजे टनभर ओलं खोड तोडायचं, वाळवायचं, दळायचं. आणि ती रंग प्यालेली भुकटी? उकिरड्यावर टाकली तर पहिल्या पावसात रंग पुन्हा सुटू लागेल.

माझा जीव खरा तुटतो तो 'पिकाला द्या' वाचून. रिॲक्टिव्ह रंगाईच्या हौदात लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ पडतं, वर सोडा. धुवणात ते पातळ होतं, नाहीसं होत नाही. भुकटी ते धरत नाही. हे पाणी आपल्या काळ्या जमिनीत गेलं की सोडियमनं मातीचे कण सुटे होतात, निचरा बसतो, जमीन चोपण होते. केळीला तर खारं पाणी मुळीच सोसत नाही. तापीकाठची जमीन एकदा चोपण झाली की जिप्सम घालून, चर खणून ती परत वळणीवर आणायला वर्षं जातात.

खोडाची भुकटी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ॲक्रिलिक धाग्याला लागणाऱ्या बेसिक, म्हणजे धन भाराच्या, रंगांवर ती खरंच चालते. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती: घरच्या आरओचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा, त्या कारखान्याच्या गाळलेल्या पाण्यात आधी बुडवा, मगच बांध फोडा.