दगडाखाली जीपीएस चालत नाही

‘आता गुहेत शिरायला ना गाइड, ना दोर, ना होकायंत्र!’ हा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवरून गेले काही दिवस फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. फोनचं जीपीएस शंभर मीटर दगडाखालीही चालतं, त्यामुळे परतीची वाट फोनच दाखवतो. फोन फिरवला की गुहेचा नकाशा आपोआप तयार होतो. लेझरच्या यंत्राची चूक शून्य असते. आणि उज्जैनच्या भर्तृहरी गुहेतून काशीला जाणारं भुयार या यंत्रांनी सापडलं आहे.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. पण माझा भाचा हे वाचून मित्रांबरोबर चोरलच्या बाजूला एका कपारीत शिरायला निघाला होता, तोही भर श्रावणात, आणि मला विचारत होता, “मावशी, ॲप कोणतं चांगलं?” मेघालयात गुहा मोजणाऱ्यांबरोबर मी चिखलात बसून आकडे लिहून घेतले आहेत. मला गप्प बसवेना.

जीपीएसचं आधी, कारण जीव त्यानेच जाईल. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटरवर असतात. त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तोच अत्यंत क्षीण होऊन, आणि जागा ठरवायला एकाच वेळी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. काही मीटर खडकसुद्धा तो सिग्नल गिळून टाकतो. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नकाशावरचा निळा ठिपका कसा अडकून बसतो किंवा भलतीकडे सरकतो ते सगळ्यांनी पाहिलं आहे. गुहेतही तो ठिपका स्क्रीनवर दिसत राहतो, आणि सगळ्यात मोठा धोका तोच. मुलं त्याच्यावर विसंबून दोन फाट्यांपैकी चुकीच्या फाट्यात शिरतील.

२०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, ते आठवा. २३ जूनला ते आत गेले, मागून पाणी चढलं, आणि ब्रिटिश पाणबुड्यांना ते सापडले २ जुलैला. सगळ्या जगाची मदत तिथे लोटली होती. दगडातून जागा कळत असती तर नऊ दिवस कशाला लागले असते? ती गुहा आधी ज्यांनी पायाखाली घातली होती, वर्न अन्सवर्थसारखे, त्यांची माहिती आणि आधीचा नकाशा यांच्या आधाराने शोध पुढे सरकला. त्या बचावकार्यात समन कुनान या अनुभवी पाणबुड्याचा जीव गेला. दगडापार बोलता यावं म्हणून ब्रिटनमधून ‘हेफोन’ पाठवले गेले. हा गुहा-बचावाचा खास रेडिओ ८७ किलोहर्ट्झवर चालतो. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५ मेगाहर्ट्झचा. खडकातून जायचं तर इतक्या खालच्या लहरींवर यावं लागतं, आणि तुमच्या खिशातला कोणताही फोन त्या लहरींवर बोलत नाही. ‘रेंज नसली तरी ११२ लागतो’ असं मेसेजच्या खाली जोडलं आहे, तेही तसंच फसवं. तुमच्या कंपनीचा टॉवर नसेल तर दुसऱ्या कंपनीचा चालतो, पण कुठला तरी टॉवर मिळावाच लागतो.

आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या ओढ्यांचं काय होतं ते इंदूरकरांना मी सांगायला हवं का? २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्यावर उघड्यावर, दिवसाढवळ्या माणसं वाहून गेली. कपारीत तर पळायला जागाही नाही.

‘नकाशा आपोआप’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावंच लागेल. काही महागड्या फोनांमध्ये २०२० पासून लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, आलं आहे. पाचेक मीटरच्या आतल्या भिंतींचं त्रिमितीय चित्र ते छान काढतं. पण लांब बोळात चूक साचत जाते. शिवाय गुहा मोजणारे खरोखर वापरतात ते यंत्र वेगळं आहे: स्वित्झर्लंडच्या बीट हीब यांनी लायका कंपनीच्या लेझर अंतरमापीत होकायंत्र आणि उतारमापी बसवून बनवलेलं डिस्टो-एक्स. एका शॉटमध्ये, म्हणजे एकदा लेझर मारला की, अंतर, दिशा आणि चढउतार तिन्ही मिळतात, आकडे ब्लूटूथने फोनवर जातात, टोपोड्रॉइड या ॲपमध्ये रेघांचा सांगाडा उमटतो. टेपने मोजायचे दिवस आठवले की हे वरदानच वाटतं. पण भिंत कुठे वळते, छत कुठे खाली येतं, पाणी कुठून येतं हे माणूसच बोटाने स्केच करतो. स्टेशन, म्हणजे जिथून पुढचा टप्पा मोजायचा तो बिंदू, कुठे धरायचं तेही माणूसच ठरवतो.

‘चूक शून्य’? डिस्टो-एक्स वापरण्याआधी वेगवेगळ्या दिशांना ५६ शॉट घेऊन ते जुळवून घ्यावं लागतं. त्यात साधा सेल चालत नाही, कारण सेलचं पोलादी आवरण होकायंत्राला ओढतं. हेल्मेटवरचा दिवा फार जवळ आला तरी दिशा बिघडते. ब्रिटिश गुहा संशोधन संघटनेच्या पाचव्या, म्हणजे बऱ्याच काटेकोर, प्रतीच्या मोजणीतसुद्धा कोनात एक अंश आणि अंतरात दहा सेंटिमीटर चूक गृहीत धरली आहे. दहा मीटरच्या शॉटमध्ये एक अंश म्हणजे सतरा सेंटिमीटर. असे शंभर शॉट जोडायचे असतात.

राहिलं काशीचं भुयार. भर्तृहरी गुहेबद्दलची श्रद्धा ज्याची त्याची, तिला मी हात लावत नाही. पण ‘यंत्राने सापडलं’ म्हणालात की आकडे द्यावे लागतील. उज्जैन ते काशी सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरहून जास्त. जगातली सर्वांत लांब गुहा अमेरिकेतली मॅमथ, आणि तिच्या मोजलेल्या सगळ्या फाट्यांची बेरीज सुमारे ६८५ किलोमीटर. मेघालयातली क्रेम लियाट प्राह तिसेक किलोमीटरची, तीही चुनखडीतली, कारण चुनखडी पाण्यात विरघळते. आपल्या माळव्याचा काळा बेसाल्ट तसा विरघळत नाही.

ज्याला खरंच शिकायचं आहे त्याने साधा लेझर मीटर आणि होकायंत्र घेऊन आपल्या घराला फेरी मारावी. फाटकाच्या खांबापासून सुरू करून, दर वळणावर खडूची खूण करून, प्रत्येक टप्पा पुढून आणि मागून असा दोनदा मोजत परत त्याच खांबाशी यावं. मग ते आकडे कागदावर मांडावे. कागदावर सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू यांत जे अंतर उरेल ती तुमची चूक. ती एकूण फेरीच्या दोन टक्क्यांहून जास्त निघाली, तर कुठल्या टप्प्यात घोळ झाला ते शोधून तो टप्पा पुन्हा मोजा.