केबल तोडली, डबा गेला, कुलूप मात्र तिथंच

काल रात्री आईने रिमोट टेबलावर आपटला. वस्तू आपटणारी बाई नाही ती. तीस वर्षांपूर्वीची कात्रीसुद्धा तिने कापडात गुंडाळून ठेवली आहे. पण काल आपटला, आणि ‘‘नको मला तुमचा टीव्ही, मी पडते जरा’’ म्हणून आत निघून गेली.

तिला फक्त तिचा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम बघायचा होता. पडद्यावर काय, तर ‘तुमचं लॉगिन संपलं आहे, पुन्हा साइन इन करा’. कशामुळे संपलं? कुणी संपवलं? पैसे भरलेले आहेत, पुढच्या चार महिन्यांचे भरलेले आहेत! मग ती बसली रिमोटवर ईमेल टाइप करत. ज्यांनी हे कधी केलंय त्यांनाच कळेल. पडद्यावर अक्षरांची जाळी, आणि हातात बाणाचं बटण. चारदा उजवीकडे, दोनदा खाली, मग मधलं गोल बटण. झालं एक अक्षर. ॲट द रेटचं चिन्ह दुसऱ्याच पानावर लपलेलं. पासवर्डात एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि टाइप केलेलं सगळं ठिपक्यांत, म्हणजे चुकलं कुठे तेही दिसायचं नाही. एकदा चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं की सगळं पुसलं, पहिल्यापासून सुरू. एवढं करून तिने ते पूर्ण केलं, चुकलं नव्हतं काही, तर म्हणे मोबाइलवर ओटीपी पाठवलाय. कुणाच्या मोबाइलवर? माझ्या. मी त्या वेळी प्रवासात, फोनला रेंज नाही. घरी पोचले तेव्हा कार्यक्रम संपला होता आणि आईच्या खोलीतला दिवा बंद होता.

जुन्या टीव्हीवर ती तीन आकडे दाबायची आणि चॅनल लागायचं. तिला पंधरा-वीस चॅनलचे नंबर तोंडपाठ होते. तेवढीच सोय होती, आणि ती सोय आम्हीच काढून घेतली, कारण आम्हाला केबल तोडायची होती.

का तोडली, तेही सांगते. त्या डब्यामुळे तोडली. सेटटॉप बॉक्स म्हणून जी वस्तू आमच्या टीव्हीखाली अकरा वर्षं बसली होती, ती एक दिवससुद्धा आमची नव्हती. पैसे आम्ही भरायचे, वीज आमची, धूळ आम्ही पुसायची, आणि मालकी कंपनीची. बिघडला तर दुसरीकडून आणता येत नाही, कंपनी बदलली तर तो डबा दगडाइतकाच कामाचा. कस्टमर केअरला फोन केला की चाळीस मिनिटं संगीत, आणि मग ‘‘मॅडम, बॉक्स बंद करून परत चालू करा.’’ कितीदा करू? हा डबा बंद केला तरी बंद होत नसे. रात्री अडीचला पाणी प्यायला उठावं आणि त्यावर हात ठेवून बघावं, गरम. टीव्ही बंद, घर झोपलेलं, आणि डबा तापलेला. मला वाटायचं आमचाच नग खराब आहे. नाही. अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये तिथल्या साधारण १६ कोटी डब्यांचा हिशोब मांडला होता. ते डबे खातात त्यातली दोन तृतीयांश वीज कुणी काही बघत नसताना आणि काही रेकॉर्ड होत नसताना जाते, असं त्यांना आढळलं. डबा पटकन चालू व्हावा आणि कंपनीला हवं तेव्हा त्याच्याशी बोलता यावं म्हणून तो जागा ठेवतात. त्याचं बिल आपण भरायचं.

आणि मुळात त्या डब्यात असं असतं तरी काय? सिग्नल पकडायला ट्यूनर, चित्र उलगडायला एक चिप. या दोन्ही गोष्टी आजच्या बऱ्याच टीव्हींत आधीच असतात. डब्यात जास्तीचं असतं ते एकच, कुलूप. चॅनल तारेतून किंवा छत्रीतून येतं ते जाणूनबुजून विस्कटलेलं. ते जुळवायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि ती किल्ली समजते फक्त डब्यात घालायच्या छोट्या कार्डातल्या किंवा खुद्द डब्यातल्या चिपला. पैसे भरले तर किल्ली, नाही भरले तर काळा पडदा. इथवर माझी तक्रार नाही, पैसे घेऊन दाखवतात तर कुलूप असणारच. पण कुलूप लहानसं कार्डभर असताना त्यासाठी अख्खा डबा गळ्यात का बांधायचा? युरोपियन संघात ३० सेंटिमीटरहून मोठ्या पडद्याच्या टीव्हीला असं कार्ड घालायची खाच द्यावीच लागेल, असा नियम २००२ पासून आहे. म्हणजे अशक्य काहीच नव्हतं. करायचं नव्हतं, एवढंच.

अमेरिकेची गोष्ट वाचली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे १९९६ च्या दूरसंचार कायद्यातच लिहून ठेवलंय की केबल कंपनीशी संबंध नसलेल्या उत्पादकाचा डबाही लोकांना बाजारातून विकत घेता आला पाहिजे. त्यातून केबलकार्ड निघालं, म्हणजे बाजारातून घेतलेल्या डब्यात किंवा टीव्हीत घालायचं कुलपाचं कार्ड. २००४ पासून कंपन्यांना ते द्यावं लागलं. पण कसं दिलं? नाइलाज झाल्यासारखं. आपल्या डब्यातल्या मागणीनुसार बघायच्या सोयी त्या कार्डावर चालत नव्हत्या, कार्ड बसवायला माणूस पाठवायचे, आणि त्याला धड माहिती नसायची. लोक कंटाळले आणि गप्प भाड्याचा डबा लावून बसले. २०१६ मध्ये तिथल्या नियामक आयोगाने, एफसीसीने, सांगितलं की साधारण ९९ टक्के ग्राहक डबा भाड्यानेच घेतात आणि एकेक घर वर्षाला सरासरी २३१ डॉलर नुसतं भाडं भरतं. वीस वर्षांचा कायदा, आणि ९९ टक्के! त्याच वर्षी डबा मोकळा करायचा प्रस्ताव आला. सप्टेंबरमध्ये त्यावरचं मतदान ऐनवेळी पुढे ढकललं, आणि २०१७ उजाडताच आयोगाच्या नव्या अध्यक्षांनी तो बाजूलाच काढला. २०२० मध्ये केबलकार्डाची सक्तीही उठवली.

टेलिफोनच्या बाबतीत हेच भांडण त्याच देशात १९६८ मध्ये मिटलं होतं. तोवर फोन कंपनीच्या तारेला कंपनीचंच यंत्र लावायचं, दुसरं लावलं तर गुन्हा केल्यासारखं. मग फोनला वायरलेस रेडिओ जोडणाऱ्या कार्टरफोन नावाच्या यंत्राचा निकाल लागला की तारेला अपाय होत नसेल तर ग्राहक आपलं यंत्र लावू शकतो. त्यानंतरच आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम घरोघरी फोनच्या तारेला लागू शकले. एका निकालाने एवढं मोकळं झालं. टीव्हीच्या तारेच्या नशिबी तो दिवस कधी आलाच नाही.

तर आम्ही केबल तोडली. दादाने स्मार्ट टीव्ही आणला. आता डबा नाही, वायर नाही, एकच रिमोट. पहिलं वर्षभर मी ज्याला त्याला सांगत सुटले की तोडा, तोडा, काही अडत नाही.

पाचव्या वर्षी टीव्हीवर पाटी आली, ‘हे ॲप यापुढे या उपकरणावर चालणार नाही’.

टीव्हीला काहीही झालं नव्हतं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, एक रेघ नाही पडद्यावर. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणे, आणि टीव्ही बनवणारे आता त्या मॉडेलला अपडेट देत नाहीत. टीव्हीवाले म्हणतात ॲपवाल्यांना विचारा, ॲपवाले म्हणतात टीव्हीवाल्यांना विचारा. माझ्या एकटीचं रडगाणं नाही हे. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्स सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही टीव्हींवर चालेनासं झालं. कारण तेच, कुलूप. त्या टीव्हींमधली चित्रपटांची चोरी रोखणारी यंत्रणा जुन्या पिढीची होती, नेटफ्लिक्सने नवी घेतली, आणि जुन्या कुलपाचे टीव्ही बाहेर फेकले गेले. टीव्हीची काच दहा-पंधरा वर्षं टिकते. तिच्या आतला मेंदू पाच वर्षांत म्हातारा ठरवतात, आणि तो वेगळा काढून बदलता येत नाही. डबा बिघडला तर निदान डबा तरी बदलायचा. आता डबाच टीव्हीच्या पोटात घालून शिवून टाकलाय.

मग कस्टमर केअरच्या मुलाने काय उपाय सांगितला माहितीये? ‘‘मॅडम, टीव्ही नवीन घ्या, नाहीतर मागे एक छोटा स्ट्रीमिंग बॉक्स लावा.’’

बॉक्स लावा! ज्या डब्यापायी केबल तोडली, तोच डबा पुन्हा विकत घ्या, आणि वर दुसरा रिमोट सांभाळा. लावला. करते काय? आई घरी एकटी असते, तिला टीव्हीचाच विरंगुळा आहे. कालचा तो लॉगिनचा तमाशा त्याच छोट्या डब्यावरचा.

आणि आता सगळेच ॲपवाले पुन्हा केबलवाले झालेत याचा जास्त संताप येतो. जाहिराती नकोत म्हणून लोक तिकडे गेले ना? नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा पॅक आणला. ॲमेझॉनने जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चालू ग्राहकांच्या चित्रपटांत जाहिराती घुसवल्या आणि नको असतील तर आणखी पैसे द्या म्हणून सांगितलं. आधीपासून पैसे भरणाऱ्या माणसाला! २०१७ मध्ये याच नेटफ्लिक्सने ट्वीट केलं होतं की प्रेम म्हणजे पासवर्ड वाटणं. २०२३ मध्ये घराबाहेरच्या माणसाला पासवर्ड दिला तर जादा पैसे. यूट्यूब टीव्ही, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही चॅनल दाखवणारी सेवा, अमेरिकेत २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ झालं. नको असलेल्या चॅनलांचं तेच गाठोडं, तीच भाववाढ, फक्त वायरीऐवजी वायफाय. एक मालिका या ॲपवर, दुसरी त्या ॲपवर, तिसरी कालपर्यंत होती आणि आज हक्क संपले म्हणून गायब. सगळं मिळून हिशोब करा कधीतरी कागदावर. मी केला, आणि कागद फाडून टाकला.

टीव्ही आपल्याला बघतो ते वेगळंच. व्हिझिओ या कंपनीच्या सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींनी पडद्यावर सेकंदासेकंदाला काय चाललंय याची नोंद मालकाला न विचारता घेतली आणि ती विकली. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. टीव्हीमागे २० सेंट!

सामन्याचं तर बोलायलाच नको. शेवटची ओव्हर चालू आहे, आम्ही श्वास रोखून बसलोय, आणि शेजारच्या घरातून आरडाओरडा. त्यांच्याकडे अजून केबल आहे. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पुसतोय. केबलचा सिग्नल एकच असतो, तो सगळ्या घरांत एकदम पोचतो. इंटरनेटवर मात्र चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते साठवतात, प्रत्येक घराला वेगवेगळे पाठवतात, आणि मध्ये अडखळू नये म्हणून आपल्याकडे दोन-तीन तुकडे आधी जमले की मग दाखवायला सुरुवात होते. साधारण अर्धं मिनिट मागे राहतो आपण. ही उणीव कुठल्याच जाहिरातीत कुणी सांगितली नव्हती.

आता म्हणतात सेटटॉप बॉक्सचे दिवस भरले. भरले असतील. मे २०२५ मध्ये, लोक टीव्हीवर काय बघतात ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत, अमेरिकेत पहिल्यांदाच स्ट्रीमिंग बघण्याचा वाटा ४४.८ टक्क्यांवर गेला आणि केबल व प्रसारण वाहिन्या दोन्ही मिळून ४४.२ वर राहिल्या. जाऊ दे डबा, मी एक अश्रू ढाळणार नाही त्याच्यासाठी. पण जाता जाता त्याची किल्ली कुणाच्या हातात देऊन चाललाय तो? माझ्या नाही. आईच्या तर नाहीच नाही.

मला फार मोठं काही नकोय. टीव्ही विकताना खोक्यावर लिहा की यातली ॲप अमुक सालापर्यंत नक्की चालतील, जसं औषधावर लिहिता. टीव्हीचा मेंदू वेगळा काढून बदलता येईल असा बनवा. कुठल्याही कंपनीचा डबा कुठल्याही कंपनीला चालू द्या. पैसे भरलेल्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच टीव्हीवर, दर काही महिन्यांनी तू कोण म्हणून विचारू नका. आणि रिमोटवर आकड्यांची बटणं परत द्या. नव्या रिमोटवर चार कंपन्यांच्या नावांची चार मोठी बटणं आहेत, त्यांतली दोन आमच्याकडे नाहीतच, आणि एक ते नऊ आकडे मात्र काढून टाकलेत.

आज सकाळी मी तो कार्यक्रम आईला पुन्हा लावून दिला. शोधायला नऊ मिनिटं लागली, आधी दोन जाहिराती लागल्या, मग सुरू झाला. ती पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, ‘‘कोण जिंकलं ते मला मघाशीच शेजारच्या काकूंनी सांगितलं गं.’’