दाबा भाऊ, ‘आय अ‍ॅग्री’ दाबा

जळगावच्या मे महिन्यात पंख्याखाली बनियनवर बसून तुम्ही ओहायोतल्या साबणवाल्याचं ऑनलाइन दुकान बांधता. डॉलरमध्ये कमावता. तुम्हाला अटी वाचायला वेळ कुठून असणार? काम १५० डॉलरचं आणि करार २१ पानांचा, म्हणजे पानामागे जेमतेम सात डॉलर पडतात. तेवढ्यात तर वकीलही वाचत नाही. तेव्हा सरळ शेवटच्या पानावर जा, चौकटीत टिचकी मारा आणि शेवभाजी खायला निघा.

आमची आजी अडाणी होती, त्यामुळे तिच्या ओट्यावर हे जमायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा गडी म्हणजे सालदार ठरायचा तेव्हा पैसे किती, ज्वारी किती, चपला कोणी घ्यायच्या, सगळं बोलून व्हायचं. सालदार तर तिच्याहून वस्ताद. सगळं ठरलं, चहा झाला आणि उठता उठता त्यानं विचारलं, “बैल मरना ते पैसा कोन भरी?” आजोबा म्हणाले, मालक भरेल. मग गडी कामाला लागला. असला मागासलेपणा तुम्हाला शोभत नाही. तुम्ही कॉम्प्युटर शिकलात, बैलाचा विषयच काढू नका.

तुमच्या करारात त्या बैलाचं नाव ‘इंडेम्निटी’, म्हणजे नुकसान भरून देण्याची हमी, असं आहे.

१८७२ चा आपला करार कायदा तसा भित्रा. त्याचं कलम ७३ म्हणतं, करार मोडला तर त्यातून सहज होणारं नुकसान भरून द्या; दूरचं, आडवळणाचं नुकसान मागता येणार नाही. एवढ्याशा जोखमीत काय मजा? म्हणून क्लायंट कलम १२४ च्या वाटेनं येतो. तिथे तुम्ही वचन देता की समोरच्याचं नुकसान मी भरीन, मग ते माझ्या हातून होवो की तिसऱ्याच माणसाच्या. समजा थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये साबणवाल्याचं दुकान तीन तास बंद पडलं. दोष तिसऱ्याच कंपनीच्या प्लगइनचा, म्हणजे दुकानाला जोडलेल्या तयार सॉफ्टवेअरचा, आणि ते घ्यायचा हट्टही साबणवाल्याचाच. तो ९,००० डॉलर मागतो, तुमच्या मजुरीच्या साठपट. द्या की! मोठ्या मनाचे म्हणूनच तर खान्देशी माणसाला काम मिळतं.

आता काही संशयी लोक करारात दोन ओळी घालतात. एक, माझी जबाबदारी या कामाचे मला जेवढे पैसे मिळाले तेवढीच. दोन, तुमचा बुडालेला नफा माझ्या माथी नाही. हे अजिबात करू नका. ज्या वेबसाइटवरून काम मिळालं तिच्या स्वतःच्या अटींत आपल्या जबाबदारीला अशी वेस बांधलेली असते, पण ती कंपनी आहे. तुम्ही पिंप्राळ्यातले.

वेबसाइट आपल्या बाजूनं उभी राहील, हा भाबडेपणा मात्र जपा. रावेर-सावद्याचे केळीवाले अडत्याला निदान बाजारात जाऊन गाठू शकतात. अपवर्क ही असली कामं जुळवून देणारी वेबसाइट स्वच्छ लिहून ठेवते की करार तुम्हा दोघांतला, आम्ही त्यात पक्षकार नाही. कमिशनपुरते मात्र ते घरचे. तुम्ही दोघांनी वेगळं काही ठरवलं नाही तर त्यांचा तयार करार लागू होतो, आणि वेगळं ठरवायची मुभा दोघांनाही असते. ती मुभा क्लायंटनं वापरावी, त्याची पीडीएफ यावी आणि तुम्ही ‘थँक यू सर’ लिहावं, ही रीत आहे. ‘थँक यू’ला दोन उद्गारचिन्हं लावली की रेटिंग वाढतं, असं आमच्या गल्लीत मानतात.

वाद झाला तर कुठे, ही ओळ पीडीएफच्या अगदी तळाशी असते. कच्चा क्लायंट तिथे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचं कोर्ट लिहितो. अमेरिकन कोर्टाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, त्याला इथे येऊन नवा दावा लावावा लागतो. पक्का क्लायंट लवाद लिहितो, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा. अमेरिकेत झालेला लवादाचा निवाडा आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याखाली इथे अमलात आणता येतो. शिवाय बाजू मांडायला तुम्ही तिकडे जाणार. विमानाचं तिकीट १५० डॉलरमध्ये बसेल का, ते आधी बघून घ्या. नाहीतर भुसावळहून गाडीनं मुंबईपर्यंत तरी जाऊन या.

आमच्या एका मित्रानं हा सल्ला ऐकला नाही. धुळ्याचा आहे, हट्टी. त्यानं क्लायंटला त्या दोन ओळी पाठवल्या आणि रात्रभर जागून भांडणाची तयारी केली. कलमं पाठ केली, सालदाराच्या बैलाचा दाखला इंग्रजीत बसवला. सकाळी दोन अक्षरांचं उत्तर आलं: ओके.

घासाघीस नाही, रुसवा नाही, चहासुद्धा नाही. गडी आठवडाभर कोणाशी बोलला नाही.