पीडीएफ चढवली म्हणजे कोश झाला?

गेले काही आठवडे सोलापूरच्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. मला तो पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्याचा गोषवारा असा: ‘सोलापूरचा कोश करायला अडवलंय कोणी? जुनी पुस्तकं, वह्या स्कॅन करा, पीडीएफ ड्राइव्हवर चढवा, लिंक सगळ्यांना पाठवा. शोधायला गूगल आहे. फुकट दिलं की ते मुक्त ज्ञानच. एकदा चढवलं की काम संपलं. कोशाचं वेगळं सॉफ्टवेअर, आवृत्त्या, परवाने ही प्राध्यापकांनी वाढवून ठेवलेली कामं आहेत. आणि विकिपीडिया आहेच की.’

लिहिणाऱ्याची तळमळ खरी आहे आणि स्कॅनिंग झालंच पाहिजे, हेही खरं. पण आम्ही चारपाच जण तीन वर्षं हातमागाच्या शब्दांचा एक छोटा कोश ऑनलाइन आणण्याच्या खटपटीत आहोत. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आम्हीही सुरुवातीला खरं मानलं होतं आणि त्यापायी आमचं पहिलं वर्ष वाया गेलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘शोधायला गूगल आहे.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं यंत्राने ओळखावी लागतात, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं हमखास चुकतात. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तर अशा पानापाशी गप्पच बसतो. वीसएक वर्षांपूर्वी संगणकावर टाइप झालेल्या फाइली तरी बऱ्या असतील असं वाटलं होतं. पण त्या बिगर-युनिकोड फाँटातल्या. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत.) मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा खच पडतो.

बरं, सगळं युनिकोडमध्ये आणलं, तरी मराठीचे आपले प्रश्न उरतातच. आमच्या कोशात ‘धोटा’ (मागावर आडवा धागा नेणारं साधन) शोधला तर ‘धोट्याने’, ‘धोट्याला’ असलेल्या नोंदी येईनात, कारण सामान्यरूपात शब्दाची अक्षरंच बदलतात. उलट ‘माग’ शोधला की ‘मागणी’ आणि ‘मागे’ यांची रांग लागायची. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी, आणि अजूनही पुष्कळ जण, ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही.

तसाच प्रश्न क्रमाचा. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या नंतर येतात. युनिकोडच्या यादीत मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे बसला आहे. म्हणजे नुसत्या संकेतक्रमाने लावलं, तर नान्नजचा माळढोक पक्षी ‘माल’च्या शेजारी जाऊन बसतो आणि ‘मास’, ‘माह’ यांच्या पुढे त्याला शोधणारा हात हलवत परततो. मराठीसाठी वेगळे क्रमनियम युनिकोडच्याच भाषानिहाय माहितीत दिलेले आहेत, पण ते सॉफ्टवेअरला वापरायला सांगावं लागतं. पीडीएफला कसं सांगणार?

आपल्या गावात तर याहून एक पायरी पुढे जावं लागतं. मराठीत माग, तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग. तेलुगूभाषक विणकरांच्या पूर्व भागातल्या घरात एक शब्द, बाजारात दुसरा. या तिन्हींची नोंद एकच हवी. प्रत्येक शब्द आपापल्या लिपीतही नोंदवलेला हवा आणि कोणत्याही शब्दाने शोधलं तरी त्याच जागी पोचता यायला हवं. गावाचंही तेच: जुन्या कागदांत ‘शोलापूर’ आहे. अशा पर्यायी नावांवरून मूळ नोंदीकडे नेणं हे कोशाच्या सॉफ्टवेअरचं अगदी प्राथमिक काम आहे.

‘एकदा चढवलं की काम संपलं.’ छापील कोशाची तीच मर्यादा असते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं आणि २०१९ साली त्याच्या नावात अहिल्यादेवी होळकरांचं नाव आलं. त्या काळात छापलेल्या पानाला हे कसं कळणार? ऑनलाइन कोशात दुरुस्ती करता येते. पण दुरुस्ती करता येते म्हणूनच दुसरा धोका उभा राहतो.

समजा, एका विद्यार्थिनीने सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावरची नोंद प्रबंधात उद्धृत केली. चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या महिन्यात मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) दिवसांचा नवा कागद हाती आला आणि आम्ही त्या नोंदीतला एक परिच्छेद बदलला. आता परीक्षकाने तपासलं तर तिचं अवतरण खोटं ठरेल. चूक तिची नाही, आमची. यावरची तोड स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशाने केव्हाच काढली आहे. १९९५ साली सुरू झालेला हा कोश वाचायला सर्वांना खुला आहे. प्रत्येक नोंदीवर लेखकाचं नाव असतं, नोंद आणि तिच्यातले मोठे बदल तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात, आणि दर तीन महिन्यांनी संपूर्ण कोशाची एक प्रत गोठवून जपली जाते. उद्धृत करणाऱ्याने त्या गोठवलेल्या प्रतीचा पत्ता द्यायचा. नोंद पुढे जात राहते आणि अवतरणही खरं राहतं. ड्राइव्हवरच्या पीडीएफमध्ये जुनी फाइल काढून नवी टाकली की यातलं काहीच उरत नाही.

पत्त्याचंही सांगते. ज्याच्या खात्यावर फाइल ठेवली त्याने खातं बंद केलं की लिंक मेली. डीओआय हा ऑनलाइन लेखनाचा कायमचा ओळखक्रमांक यासाठीच असतो: फाइलची जागा बदलली तरी क्रमांक तोच राहतो, आतला पत्ता तेवढा बदलायचा. त्यासाठी संस्थेला सभासद व्हावं लागतं, शुल्क भरावं लागतं. लहान गटाला ते जड जातं, आम्हालाही गेलं. मग निदान स्वतःचं डोमेन आणि कधीही न बदलणारा नोंदक्रमांक, एवढं तरी हवंच.

‘फुकट दिलं की मुक्तच.’ नाही. २००२ सालच्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मुक्त प्रवेशाची व्याख्या आहे. तीत वाचण्याबरोबर प्रत काढणं, वाटणं, छापणं, यंत्राकडून शोधून घेणं हे सगळं येतं. लेखकाचं श्रेय शाबूत राहिलं म्हणजे झालं. पानावर परवाना लिहिलेला नसेल, तर शाळेतला शिक्षक ती नोंद छापून मुलांना द्यावी की नाही या विचारात पडतो. म्हणून प्रत्येक नोंदीखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा (वाचकाला काय करायची मुभा आहे हे आधीच सांगणारा) कोणता परवाना आहे हे माणसाला दिसावं आणि यंत्रालाही वाचता यावं, अशी सोय लागते. आणि ‘जुनी पुस्तकं स्कॅन करा’ म्हणताना कायदा विसरता येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ज्या लेखकाच्या लेकी-सुना आज हयात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय त्याचं पुस्तक चढवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

‘विकिपीडिया आहेच.’ आहे, आणि २००३ पासून मराठीतही आहे, मी स्वतः तिथे लिहिते. पण तिथे आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेलंच मांडता येतं, आणि ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. ऐंशीच्या घरातल्या विणकर आजोबांनी मागावर बसून सांगितलेला शब्द कुठल्याच पुस्तकात नसतो. तो कोणी सांगितला, कोणी टिपला, कोणत्या तारखेला, हे नोंदवून आपल्या सहीनिशी छापण्याची जागा म्हणजे कोश.

राहिला खर्च. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी कुणालाही विनामूल्य मिळतं. बदलांचा इतिहास त्यात मुळातच असतो, आणि तपासलेली आवृत्तीच वाचकाला दाखवण्याची जोडणीही मिळते. जर्मन विकिपीडियावर ती २००८ पासून वापरात आहे. आमचं काम त्यावरच चाललं आहे. पैसे लागतात ते सर्व्हरचे, आणि त्याहून जास्त लागतो तो तपासणाऱ्यांचा वेळ.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना विनंती: तुमच्या घरी नक्ष्यांच्या वह्या, गिरणीचे कागद, जुनी हस्तलिखितं असतील तर जरूर स्कॅन करा. मात्र प्रत्येक फाइलबरोबर एक कागद जोडा: वही कोणाची, साधारण कधीची, कोणाकडून मिळाली आणि छापायला घरच्यांची परवानगी आहे का. एवढं लिहिलेलं असेल तर नोंद आम्ही करू.