‘घरकोंबड्यांची गाडी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की, ज्याला सुट्टीला गळ टाकायला जायचंय आणि एरवी मुलं, म्हातारी माणसं नि घरचं सामान वाहायचंय, त्याने चारही चाकांवर ओढणाऱ्या उंच फोर बाय फोरच्या मागे न लागता लांब डिकीची साधी स्टेशन वॅगन घ्यावी. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : “लेखकाने आयुष्यात चिखल पाहिलेला दिसत नाही. मासेमारीला फोर बाय फोरच लागते, वॅगन ही घरकोंबड्यांची गाडी. डिझेलबद्दल एक शब्द नाही, टपावरच्या कॅरिअरबद्दल नाही, वाळूत चाकांची हवा कमी करतात हेही ठाऊक नाही.”

हवेचं मान्य. ते लेखात यायला हवं होतं. मऊ वाळूत हवा 15 ते 18 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर तापून खराब होतो. पण लिहिलं नाही म्हणजे ठाऊक नाही, हे तुम्ही कुठल्या हिशेबाने ठरवलंत? मतभेद असू द्या, त्यासाठीच लिहितो. समोरच्याची लायकी काढून सुरुवात करायची ही कुठली रीत?

आता चिखल. मी गरवायला शिकलो ते वडिलांच्या मागे बसून, आणि त्यांच्याकडे कायम साधी, दोन चाकांवर ओढणारी गाडी होती. नदीकडे उतरणारी वाट आली की ते गाडी वरच थांबवायचे, खाली उतरायचे आणि चाकोरीत टाच दाबून बघायचे. टाच रुतली की गाडी तिथेच, पुढे पायी. मीही आजवर तेच करत आलोय. नदी, तलाव, खाडी, सगळीकडे गेलोय, पहाटेच्या अंधारात गेलोय, पावसात गेलोय. तेव्हा चिखल मला शिकवू नका.

फोर बाय फोर नेमकं काय करते, तेही बघू. ती इंजिनाची ताकद चारही चाकांना देते, म्हणजे निघताना आणि चढताना मदत होते. ब्रेक लावताना तिचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. गुळगुळीत झालेले टायर असतील तर चार चाकं मिळून जागच्या जागी फिरतात. शिवाय लिव्हर टाकून जोडायची फोर बाय फोर असेल आणि मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, नसेल, तर ती कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून चालवायचीच नसते. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि त्याचा ताण गिअरवर येतो. म्हणजे शाळा, दवाखाना, बाजार, लांबचा प्रवास, या सगळ्या वेळी तुम्ही दोन चाकांवरच फिरणार. फक्त ते जादा वजन आणि जादा इंधन सोबत घेऊन. ट्रेलरवरची होडी ओल्या उतारावरून वर ओढायची असेल तर मात्र ती घ्याच. हे मी लेखातही लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

तुमचं ते ‘घरकोंबड्यांची’ मला खरंच लागलं. माझ्या आईचे गुडघे गेलेत. उंच गाडीत चढताना तिला दाराची चौकट धरून अंग वर ओढावं लागतं, उतरताना पाय अधांतरी राहतो. तिला घेऊन मी तलावावर जातो, ती सावलीत बसते, नातवाला गरीला आमिष लावायला शिकवते. तिच्यासाठी सीटची उंची बघितली तर मी घरकोंबडा?

आणि काठ्यांचं काय करता, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. नऊ फुटी दोन तुकड्यांची काठी सोडवली तरी साडेचार फूट भरते. आखूड डिकीत ती तिरकी बसते, टोक काचेला टेकतं, आणि मागचं दार आपटलं की कार्बनचा शेंडा कट्‌कन तुटतो. वॅगनमध्ये मागची सीट 60:40 अशी दुभंगते. लहान भाग पाडला की काठ्या सरळ आत जातात, उरलेल्या भागात दोघं नीट बसतात. काठ्या पट्ट्याने बांधायच्या, आमिषाचा डबा झाकण घट्ट लावून मागे. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू मुलांच्या डोक्यावर येते. डिकीचा उंबरा खाली असल्यामुळे बर्फाने भरलेली पेटी एकट्याने आत सरकवता येते. खाऱ्या पाण्यावरून आलात तर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, कारण मिठाने गंज धरतो, मग ती चार चाकांवर चालणारी असो की दोन.

डिझेल की पेट्रोल हे ज्याच्या त्याच्या धावण्यावर ठरतं, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. कॅरिअर हवा त्याने बसवावा, टपाला किती वजन झेपतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं.

पुन्हा लिहिणार असाल तर तुम्ही कुठल्या पाण्यावर जाता, वाट कशी आहे आणि गाडीत कोण कोण बसतं, ते लिहा. त्यावर मी मनापासून उत्तर देईन. नुसत्या शेऱ्यांना यापुढे देणार नाही.