सव्वासात सेकंदांचा पराक्रम

जवळ पन्नास लाखांच्या आसपास रक्कम असेल, तर वाचकहो, कृपा करून मोठी गाडी घेऊ नका. तेवढ्या पैशांत ऐसपैस गाडी कोणीही घेतो. आपण ‘कॉम्पॅक्ट’, ‘लक्झरी’ आणि ‘स्पोर्टी’ एसयूव्ही घ्यावी. ही तिन्ही विशेषणे एकाच बॉनेटखाली सुखाने नांदतात, कारण त्यांतील एकाचीही परीक्षा पाहण्याची संधी पुण्यातील रस्ते सहसा देत नाहीत.

उदाहरणादाखल ऑडी क्यू३ घ्या. तिची जुळणी आपल्या छत्रपती संभाजीनगरात होते, ही गोष्ट मात्र पाहुण्यांसमोर काढू नये. जर्मन गाडीत बसल्याचे त्यांचे समाधान हिरावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. दोन लिटरचे तिचे पेट्रोल इंजिन १९० अश्वशक्तीचे असून, थांबलेली गाडी ७.३ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची वेगमर्यादाही नेमकी ताशी १००च आहे. तेव्हा उर्से टोलनाक्यावरून निघाल्यावर आपल्या क्रीडावृत्तीला सरकारमान्य असा सव्वासात सेकंदांचा अवधी मिळतो, आणि आठव्या सेकंदाला आपण व शेजारची जुनी वॅगनआर कायद्यापुढे समान होता. पुढे बोरघाटात मर्यादा आणखी खाली येते आणि तिथे एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडण्याचा दीर्घ प्रयोग करीत असतो. त्यामागे रांगत असताना स्टिअरिंगमागील गिअर बदलायचे पॅडल उगाच एकदोनदा दाबावे, बरे वाटते.

चारही चाकांना जोर देणारी क्वाट्रो यंत्रणा हवीच. बर्फ, वाळू आणि निसरडे डोंगर यांसाठी ती उपयोगी पडते. आपल्याला ती पावसाळ्यात लग्नाच्या लॉनवरील चिखलातून बाहेर पडताना उपयोगी पडेल, अर्थात मागे कोणी गाडी आडवी लावली नसेल तर.

आलिशानपणाबद्दल फार लिहीत नाही. दारांच्या कडांना रंग बदलणारे दिवे असतात आणि सिग्नलला अडकलेला माणूस ते बदलत बसतो, एवढे पुरे.

राहता राहिला ‘कॉम्पॅक्ट’पणा. हा शब्द युरोपीय मापाने वाचावा, कारण ही छोटी गाडी सुमारे ४.४८ मीटर लांब, म्हणजे आपल्या स्विफ्टहून दोन फूट अधिक आहे. त्यात अनेक सोसायट्यांतील यांत्रिक पार्किंगचे पाळणे सेडानची उंची धरून बेतलेले असल्यामुळे ती तिथे मावत नाही आणि तळमजल्यावरील दोन खांबांमध्ये उभी करावी लागते. मग दार वीतभर उघडते. पोट आत ओढून, श्वास रोखून, चाळीस हजारांचा मोबाइल वर धरून त्या फटीतून तिरके बाहेर पडणे, हा या गाडीसोबत मिळणारा खरा क्रीडाप्रकार आहे आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसावा, याचे मला आश्चर्य वाटते.

दुसरा खेळ डिकीचा. हात मोकळे नसतील तर बंपरखाली पाय हलवावा, डिकी आपोआप उघडते. पाय नेमका कुठे आणि किती हलवायचा, हे पुस्तिकेत दिलेले असते आणि पुस्तिका गाडीच्या पुढच्या खणात असते. तेव्हा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून आपण हवेत तिसरी लाथ मारत असाल, तेव्हा मागून वॉचमनकाका अदबीने विचारतील, “साहेब, मी हाताने उघडू का?”