माया लोकांची प्राण्यांच्या रूपातली भांडी रक्ताची नव्हती हो

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय, मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या प्राचीन माया लोकांच्या, पक्ष्याच्या रूपातल्या रंगीत भांड्याचा फोटो आणि खाली तीन दावे. यात नरबळीचं रक्त ठेवायचे, चाक न वापरणाऱ्यांना इतकं सुबक काम जमणं शक्यच नाही आणि हे लोक रातोरात गायब झाले. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तिन्ही चूक आहेत.

आधी रक्ताचं बघू. माया लोक देवाला रक्त वाहायचे हे खरंय, याशचिलान या त्यांच्या जुन्या शहरातल्या दारावरच्या दगडात राणी जिभेतून काटेरी दोर ओढताना कोरलीये, पण तिच्यासमोर आहे ती रक्त टिपायला कागद ठेवलेली टोपली, भांडं नाही. रंगीत भांड्यांच्या काठावर तर त्यांनी कित्येकदा स्वतःच लिहून ठेवलंय की हे अमक्याचं प्यायचं भांडं, कोकोसाठी! ग्वाटेमालात रिओ अझुलच्या एका थडग्यात फिरवून बसवायच्या झाकणाचं भांडं मिळालं, त्यावर कोकोच लिहिलंय आणि आतल्या खरवडीत कोकोचेच अंश सापडले, ते १९९० मध्ये छापून आलं. आता लिहिणाऱ्यांचं ऐकायचं की फॉरवर्डचं?

चाकाचा मुद्दा. कुंभाराचं चाक नव्हतं, बरोबर, पण म्हणून काय अडलं? मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं, पातळ रंगीत मातीचा लेप द्यायचा, घोटायचं, भाजायचं. साधारण इ.स. २५० ते ५५० मधली झाकणाची भांडी नीट बघा, झाकणावर पाणपक्ष्याचे पंख रंगवलेले असतात आणि त्याचीच मान वर येऊन धरायची मूठ होते, कधी चोचीत मासाही असतो. काहींचे चार पाय म्हणजे उलटी लावलेली पेकारीची, म्हणजे तिकडच्या रानडुकराची, डोकी, नाकाडं जमिनीला टेकलेली, आणि काही पोकळ पायांत मातीच्या गोळ्या, भांडं हलवलं की खुळखुळतं. चित्र कुठे संपतं आणि मूर्ती कुठे सुरू होते तेच कळत नाही, मला तर हे फार म्हणजे फारच आवडतं.

राहिलं गायब होणं. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडची बरीच शहरं ओस पडली, माणसं नाही संपली. शेवटचं स्वतंत्र माया राज्य स्पॅनिश लोकांनी १६९७ मध्ये घेतलं, आणि आज माया भाषा बोलणारे लाखो लोक आहेत. मेक्सिकोत चियापासमधल्या आमातेनांगो गावच्या त्सेल्ताल माया बायका आजही चाकाशिवाय मातीचे जॅग्वार आणि कबुतरं घडवतात, उघड्यावर लाकडं रचून भाजतात आणि विकतात, म्हणजे दुसरा आणि तिसरा दावा त्या एकाच गावात खोटा पडतो.